निपाणीचा शनिवार

आम्हां गोंयकारांना बेळगाव ठाऊक असते ते बाजारासाठी, इस्पितळासाठी आणि कॉलेजसाठी. चोर्लातून जायचे की अनमोडातून, यावर घरात अर्धा तास चर्चा होते. येताना कुंदा आणायचा, की झाले! बेळगावचे कोर्ट मात्र आपल्या गप्पांत सहसा येत नाही. माझ्या आयुष्यात ते आले, कारण माझी एक मावसबहीण शहापुरात दिली होती आणि तिची मुलगी पुढे निपाणीला.

आता जे सांगणार आहे ते त्या मुलीची आणि तिच्या नवऱ्याची, दोघांचीही परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. नावे कुणाचीच देत नाही.

निपाणीचे सासर म्हणजे जुने तंबाखूचे घर. व्यापार केव्हाच आटपला, पण मागच्या वखारीत शिरलात तर तो वास अजून नाकाला चढतो. मुलगा कागलच्या एमआयडीसीत नोकरीला. लग्न २०१२ चे, मुलगा २०१४ चा, आणि २०१९ मध्ये भाची मुलाला घेऊन बेळगावला आईकडे परत आली. का आली ते तुम्हाला सांगत नाही. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते, एवढे सांगितले पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीला त्यामुळेच अर्थ आहे. दोघांचे जमेना. 'जमेना' हा शब्द आपल्या समाजाला पुरेसा वाटत नाही, ही वेगळी गोष्ट.

मग रीतीप्रमाणे बैठक झाली. निपाणीकडे, कोल्हापूरकडे ही पै-पाहुण्यांची बैठक म्हणजे एक पूर्ण संस्था आहे. सोप्यात सतरंजी, पानसुपारीचे तबक, दोन्हीकडचे चार-चार वडीलधारे, आणि मुलीच्या बाजूने मामा. आम्ही गोव्यातले लोक देवाला गाराणे घालतो, कौल घेतो. इकडे माणसांनाच बसवतात. मामा म्हणून मलाही बोलावले होते. तीन तास बोलणे झाले. मानपान झाला, लग्नात कुणी काय दिले होते ते निघाले, २०१५ सालच्या एका बारशाचा विषय निघाला. ज्या दोघांचे भांडण त्यातला एक दाराशी उभा आणि दुसरी आत स्वयंपाकघरात चहा गाळत होती. शेवटी ठरले ते ठरलेलेच असते: "एकदा नांदून बघू दे." पाच वर्षांच्या पोराचे नाव तीन तासांत एकदा निघाले, तेही 'वंशाचा दिवा' म्हणून.

बैठकीला मी नावे ठेवत नाही. तिच्यात एक ताकद असते, ती म्हणजे लाज. चारचौघांत दिलेला शब्द माणूस सहसा मोडत नाही. पण बैठक एकाच प्रश्नासाठी घडवलेली आहे: सून परत कधी येणार? दुसरा कुठलाही प्रश्न तिला ऐकू येत नाही.

भाची परत गेली नाही. तिने बेळगावला घटस्फोटाचा अर्ज केला. २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नीला ती राहते तिथल्या कोर्टात जाता येते. नवरा तोवर कोल्हापुरात बिऱ्हाड करून राहिला होता. त्याने तिकडे, तिने नांदायला यावे म्हणून कलम ९ खाली दावा लावला. झाले, एका संसाराचे दोन राज्यांत दोन खटले!

सीमाभाग म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हे सगळे आपण वर्तमानपत्रात वाचतो. पण कोल्हापूरचा खटला बेळगावला हलवायचा असेल तर अर्ज दिल्लीला करावा लागतो, हे कुठल्या अग्रलेखात वाचले होते? निपाणी ते कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. दोन राज्यांमधला खटला हलवायचा अधिकार उच्च न्यायालयाला नाही, तो फक्त सर्वोच्च न्यायालयाचा, असे २००८ सालीच स्पष्ट झाले आहे. आज धारवाडला कर्नाटक उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच. दोन्हींच्या मध्ये निपाणी, आणि तरी या कामासाठी वाट दिल्लीचीच. वकिलाने खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा माझी बहीण नुसती बघत राहिली.

मधल्या काळात बाप-लेकाची भेट कोर्टाच्या आवारात. शनिवारी दोन तास. बाकावर बाप, शेजारी पोरगा, हातात कुरकुऱ्यांचे पाकीट, आणि समोर काळे डगले घालून माणसे ये-जा करताहेत. शुक्रवारी रात्री पोराचे पोट दुखायला लागायचे. डॉक्टरांना काही सापडेना. मग मार्च २०२० आला आणि तेही थांबले. सरहद्द बंद झाली. पुढच्या वर्षीही कोगनोळीच्या नाक्यावर तपासणीचा अहवाल दाखवल्याशिवाय गाडी आत सोडत नव्हते. बाप पलीकडे, मुलगा अलीकडे, मध्ये पोलिसांचे बॅरिकेड.

२०२१ च्या अखेरीस बेळगावच्या कोर्टाने दोघांना मध्यस्थीकडे पाठवले.

'मध्यस्थ' हा शब्द आपल्याकडे लग्न जमवणाऱ्याला वापरतात. कोर्टातला मध्यस्थ वेगळा. दिवाणी प्रक्रिया संहितेचे नवे कलम ८९ जुलै २००२ पासून लागू झाले, त्यातून ही वाट निघाली. कर्नाटकात बेंगळुरूचे केंद्र १ जानेवारी २००७ ला सुरू झाले आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत ही पद्धत आली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक न्यायालयांना सांगितले की नवरा-बायकोचे भांडण मध्यस्थाकडे पाठवून बघा, तेही शक्य तितके लवकर. मध्यस्थ बहुतेक वकीलच असतात, चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतलेले. ते निवाडा देत नाहीत. खोलीत काय बोलले गेले ते न्यायाधीशांनाही सांगत नाहीत. जमले की नाही, एवढेच कळवायचे. मुदत साठ दिवसांची, फार तर आणखी तीस.

आमच्या वाट्याला आलेल्या बाई वकील होत्या, घरची भाषा कन्नड, मराठी अस्सल बेळगावी. मी बाहेर व्हरांड्यात बसून होतो, नवऱ्याच्या आईबरोबर. या अक्का निपाणीहून सकाळच्या बसने यायच्या. आम्ही दोघे एकमेकांशी हवापाण्याचे बोलत असू. आत काय झाले ते भाचीने नंतर सांगितले.

पहिल्याच दिवशी दोघांनी आपापल्या फायली उघडल्या. मॅडमनी त्या मिटायला सांगितल्या. म्हणाल्या, "तुम्ही दोघं कशासाठी भांडायलाय, ते मला आज नको. पोरगं शुक्रवारी रात्री झोपतंय काय, तेवढं सांगा." मग एकेक प्रश्न. वर्गशिक्षिकेचे नाव काय? बुटाचा नंबर किती? कुठल्या औषधाची ॲलर्जी? कुत्र्याला घाबरतो की मांजराला? आईला बहुतेक सगळे ठाऊक. बापाला वर्गशिक्षिका ठाऊक नव्हती. पण पोरगा अंधाराला घाबरतो आणि दिवा मालवण्यापूर्वी एक ठरावीक गाणे मागतो, हे त्यालाच ठाऊक होते, कारण झोपवायचे काम त्याचे असायचे. भाची म्हणाली, "मामा, दोन वर्षं तो गाणं मागत होता आणि मला वाटायचं हट्ट करतोय."

बैठकीत तीन तासांत जे निघाले नाही ते इथे वीस मिनिटांत निघाले. मॅडम फार हुशार होत्या म्हणून नव्हे. प्रश्न वेगळा होता, म्हणून.

नंतर कागद करायची वेळ आली. वकिलांचा पहिला मसुदा छापील होता: महिन्यातले दोन शनिवार-रविवार आणि दिवाळीची अर्धी सुट्टी वडिलांकडे. मॅडम म्हणे हसल्याच. दिवाळीची सुट्टी कुठली? महाराष्ट्रात शाळेला मोठी सुट्टी दिवाळीला. कर्नाटकात ती दसऱ्याला. दिवाळीला चार दिवस मिळाले तर मिळाले. तिकडची शाळा जूनच्या मध्याला उघडते, इकडची मे संपता संपता. म्हणजे बाप दिवाळीला रजा काढून बसणार आणि पोरगा त्या दिवशी बेळगावात शाळेत असणार! मग पुढच्या भेटीत दोघांचे भांडण, मग अवमानाचा अर्ज. एका शब्दापायी. तो मसुदा काही दुष्टपणाने केलेला नव्हता. दोन राज्यांची दोन कॅलेंडरे शेजारी ठेवून कुणी बघितलीच नव्हती.

मॅडमनी ठेवली. दसऱ्याची सुट्टी कोल्हापूरला, बापाकडे. तिथला शाही दसरा पोराला दिसेल. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. आणि मग विचारले, "चवथीला गोव्याला कोण नेतंय?" हे पोरानेच त्यांना सांगितले होते. त्यांनी त्याला एकट्याला बोलावून कॅलेंडर पुढे ठेवले, तेव्हा त्याने दसरा, दिवाळी, वाढदिवस सगळे सोडून भाद्रपदावर बोट ठेवले. त्याला आमच्या घरी माटोळी बांधायला यायचे होते. कवंडाळ, घागऱ्या, नारळाची पेंड दोरीला बांधताना मी त्याला एकदा खांद्यावर घेतले होते, ते लक्षात राहिले होते. करारात आज एक कलम आहे: चतुर्थीला दोन दिवस शाळेतून रजा, आजोळच्या मंडळींबरोबर गोवा. कायद्याच्या कागदात माटोळी आलेली मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही!

खरी मेख शाळेचीच होती. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड शिकणे सगळ्या शाळांना सक्तीचे झाले, मराठी माध्यमाच्या शाळाही त्यात आल्या. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी सक्तीची. बापाचे म्हणणे, पोराला कोल्हापुरात घालू, इथे कन्नडाच्या ओझ्याखाली पिचतोय. आईचे म्हणणे, आजोळ, शाळा, मित्र सगळे इथे. सीमाप्रश्नाचे जे काही व्हायचे ते होवो, तो त्या खोलीत येऊन बसला होता. तावातावाने बोलणे झाले म्हणे. मॅडम कन्नड, हे दोघे मराठी; त्यांनी एक शब्द बाजू घेतली असती तर तिथेच सगळे संपले असते. त्यांनी फक्त विचारले, पोराचा कन्नडचा अभ्यास कोण घेतं? कुणीच घेत नव्हते. भाचीचे शिक्षण मराठीत आणि इंग्रजीत, कन्नड बाजारापुरते. आणि बाप? निपाणीच्या वखारीत, दलालांच्या मांडीवर वाढलेला. त्याचे कन्नड फर्डे!

मग ठरले असे. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल. अर्धा तास. विषय: कन्नड. मुलाला आई-बाप दोघांचेही प्रेम मिळाले पाहिजे, आणि दूर असलेल्या पालकाला फोनवर, व्हिडिओवर बोलता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका निकालात म्हटले होतेच. पण 'बोलता येणे' आणि 'काम असणे' यांत फरक आहे. नुसते "जेवलास का, शाळेत काय केलंस" किती दिवस चालणार? कन्नडाची उजळणी मात्र रोज नवी. जो माणूस कन्नडाच्या नावाने कोर्टात तक्रार करत होता, तोच आज पोराची का-गुणित तपासतो. आणि पोराला आता पैकीच्या पैकी मिळतात, हे सांगताना भाचीचा आवाज थोडा कडवट होतो. तेही खरे आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

राहिला प्रश्न देवाणघेवाणीचा. मुलाला कुठे सोडायचे, कुठून न्यायचे? बेळगावात बापाला यायचे नव्हते, कोल्हापुरात आईला जायचे नव्हते. बाहेर बसलेल्या अक्कांना तेव्हा आत बोलावले. निपाणी मध्ये आहे. घर मोठे आहे. अक्का म्हणाल्या, "शनिवारी सकाळी तिनं आणावं, दुपारी त्यानं न्यावं. दोघांनी समोरासमोर यायचं नसलं तर नको. जेवण माझ्याकडं." बैठकीच्या दिवशी त्या माजघराच्या दारातच उभ्या होत्या. त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

२०२२ च्या उन्हाळ्यात सह्या झाल्या. दोन्ही खटले मागे, संमतीचा घटस्फोट. डिसेंबरमध्ये पहिली परीक्षा. सीमावाद पेटला, बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, एसटी बंद. पोरगा आजीकडे पोचला होता, कारण बेळगाव-निपाणी कर्नाटकातच. बाप पलीकडे अडकला. तो मोटरसायकलने कोगनोळीपर्यंत आला, पोलिसांना कराराची झेरॉक्स दाखवली. हवालदाराने कागद वाचला की नाही कोण जाणे, पण सोडले. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावात कंडक्टरला मारहाण झाली आणि पुन्हा बस बंद. तेव्हा त्याने मुलाला न नेता आजीच्याच घरी दोन दिवस मुक्काम केला. करारात 'बस बंद असल्यास' असे कलम आहे. बेळगावच्या माणसालाच सुचेल असे कलम!

माझ्या मनात शंका आहेत, त्याही सांगतो. मध्यस्थीच्या खोलीतही ती जुनी सतरंजी अंथरलेली असू शकते. 'एकदा नांदून बघ' हे वाक्य वकिलाच्या डगल्यातूनही निघते. जमलेल्या प्रकरणांचा आकडा मोजला जातो, मोडलेले जमले की तो वाढतो, म्हणून तो मोह मोठा. जिथे बाईला मार बसतो तिथे तिला त्याच टेबलाशी बसवून 'समजुतीने घ्या' म्हणणे मला अजिबात मान्य नाही.

आणि आपण गोंयकारांनी फार वेगळेपणाही मिरवू नये. हे खरे, की १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत अज्ञान मुलाच्या हितासाठी आईकडच्या आणि बापाकडच्या नातेवाइकांचे कौटुंबिक मंडळ होते, आणि संमतीचा घटस्फोट आपल्याकडे १९१० च्या कायद्याने आला. हिंदू विवाह कायद्यात तो यायला १९७६ उजाडले. पण पोराच्या बुटाचा नंबर कुठल्याच संहितेत नसतो.

सगळ्यांत मोठी उणीव पुढची. मध्यस्थाचे काम नव्वद दिवसांत संपते; पोरगा त्यानंतर दहा-बारा वर्षे वाढत राहतो. ऑस्ट्रेलियात २००६ पासून यासाठी सरकारी केंद्रे आहेत, नॉर्वेत सोळा वर्षांखालील मूल असेल तर वेगळे होताना मध्यस्थाकडे जावेच लागते आणि पुढेही त्याच दाराशी परत जाता येते. आपल्याकडे विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ वा अहवाल दिला. त्यात संयुक्त ताबा, पालकत्वाचा लेखी आराखडा, आजी-आजोबांचा वेळ, मध्यस्थी, सगळे आहे. कायदा मात्र झाला नाही. आमच्या बाबतीत ते सगळे काम एका म्हाताऱ्या बाईने चार वर्षे केले, दर दुसऱ्या शनिवारी, झुणका-भाकरी करून.

आणि आता अक्का पडल्या आहेत. मागच्या पावसात मोरीत पाय घसरला, खुब्याचे हाड. मुलगा त्यांना कोल्हापूरला नेणार म्हणतो. निपाणीचे घर बंद होणार. वर पोरगा सहावीत आहे, आठवीला कुठली शाळा हा विषय पुन्हा डोके वर काढतो आहे. गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला, "मामा, शनिवारचं काय करायचं? परत कोर्टात अर्ज टाकायचा का?" मॅडमचे काम कागदोपत्री केव्हाच संपलेले. मी काही बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, थांबा, आधी त्यालाच विचारते.

त्या शनिवारी दोघे निपाणीत स्टँडजवळच्या एका हॉटेलात बसले. पोरगा अक्कांपाशी. जुना करार, एक वही, दोन चहा, मग आणखी दोन. दीड तासात मे महिन्याच्या सुट्टीचे जमले, शाळेचे जमले नाही. उठताना आवाज चढले होते असेही कळले. पुढच्या शनिवारी पुन्हा बसायचे ठरले आहे. मला बोलावलेले नाही.